मांजराचे दात आणि मांजराची साखर

वणीसारख्या बाजारपेठेच्या गावात मांजर हे अजूनही बरेचसे कामाचे जनावर आहे. धान्याच्या दुकानात, द्राक्षांच्या खोक्यांच्या गोदामात, घराच्या माळ्यावर ते उंदरांचा बंदोबस्त करते. हल्ली मात्र केवळ हौसेने, घरातच वाढवलेली मांजरेही दिसू लागली आहेत. चांगले खाणेपिणे आणि लसीकरण यांमुळे ती बारा-पंधरा वर्षे जगतात. आयुष्य वाढले की म्हातारपणाचे आजारही आलेच. त्यांपैकी दोन आजार एकाच मांजराला झाले तर मालकासमोर मोठा पेच पडतो. ते म्हणजे मधुमेह आणि दातांचे दुखणे.

पेच असा, की ‘मधुमेह्याचा दात काढू नये, जखम भरत नाही’ ही आपल्याकडची रुजलेली समजूत. माणसाबाबतची ही भीती आपण मांजरालाही लावतो. मग सडलेले दात तसेच राहतात, इन्शुलिनची मात्रा वाढत जाते आणि तरीही रक्तातील साखर काही उतरत नाही. प्रत्यक्षात अशा मांजराच्या बाबतीत किडलेल्या तोंडावर उपचार करणे हा साखरेच्या उपचाराचाच भाग असतो. तो का, हे समजून घेण्यासाठी आधी मांजराच्या शरीराकडे पाहू.

मोठ्या मांजराला ३० दात असतात, पिल्लाला २६. वरच्या जबड्यात १६ आणि खालच्या जबड्यात १४. चारही सुळे भक्ष्य पकडण्यासाठी, तर मागच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून मांस कापण्यासाठी. आपल्या दाढांसारखा दळण्याचा सपाट पृष्ठभाग त्यांना जवळजवळ नाहीच. मांजराचा जबडा आडवा हलत नाही. गाय रवंथ करताना हलतो तसा तर मुळीच नाही. मांजर चावून बारीक करत नाही, तुकडा पाडते आणि गिळते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मांजर हे पूर्णपणे मांसाहारी प्राणी म्हणून घडलेले आहे. उंदराच्या अंगात कर्बोदके अगदी थोडी असतात. म्हणून मांजराचे यकृत प्रथिनांपासून सतत ग्लुकोज तयार करत राहते, पण एकदम आलेले जादा ग्लुकोज साठवून घेण्याची त्याची ताकद बेताची असते. एवढेच काय, मांजराला गोडाची चवही कळत नाही. चव ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक त्याच्यात मोडलेले आहे, हे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. वाघ आणि चित्ता यांच्यातही तेच आढळले. आपले मांजर दुधावर तुटून पडते ते गोडीसाठी नव्हे, तर स्निग्धांशासाठी आणि प्रथिनांसाठी!

मधुमेहाच्या अभ्यासात प्राण्यांचे स्थान जुने आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोला इन्शुलिन हाती आले, तेही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. पण कुत्र्याचा मधुमेह आणि मांजराचा मधुमेह सारखे नाहीत. मांजराचा मधुमेह बव्हंशी आपल्याकडच्या प्रौढांमधील, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, मधुमेहाशी मिळता आहे. वाढते वय, लठ्ठपणा आणि बैठे आयुष्य ही कारणेही ओळखीचीच. इन्शुलिन स्वादुपिंडातून स्रवते पण पेशी त्याला दाद देत नाहीत. शिवाय इन्शुलिनबरोबर स्रवणारे अमायलिन नावाचे प्रथिन स्वादुपिंडात साचून राहते, माणसात साचते तसेच. मात्र वेळीच उपचार झाले तर काही मांजरे पुढे इन्शुलिनशिवाय राहू शकतात. ही शक्यता कुत्र्यात क्वचितच असते आणि मांजराचे तोंड दुर्लक्षित ठेवू नये याचे हे एक मोठे कारण आहे.

लक्षणे म्हणजे खूप पाणी पिणे, खूप लघवी होणे आणि भरपूर खाऊनही वजन घटणे. एक लक्षण मात्र खास मांजराचे आहे. निरोगी मांजर बोटांवर चालते. बराच काळ साखर वाढलेली राहिली तर मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि मांजर टाच जमिनीला टेकवून, सशासारखे, चालू लागते. निदान करताना एक अडचण येते. दवाखान्यात नेलेले, घाबरलेले निरोगी मांजरही रक्तातील साखर २०० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत चढवून दाखवू शकते. म्हणून फ्रुक्टोसामाइन ही तपासणी करतात. तिच्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतील सरासरी साखरेचा अंदाज येतो. त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

आता दातांकडे. माणसाच्या दाताला खड्डा पडून कीड लागते तसे मांजरात जवळजवळ होत नाही. त्याची दुखणी निराळी. पहिले हिरड्यांचे. दातांवर जिवाणूंचा थर बसतो, त्याचे टणक कीटण होते, हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. दुसरे अधिक चमत्कारिक. दुधाचे दात पडताना त्यांची मुळे विरघळवणाऱ्या पेशी असतात. प्रौढ मांजरात त्याच जातीच्या पेशी कायमचे दात पोखरू लागतात. हे का होते याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही, पण हा विकार मांजरांत अतिशय सर्रास आढळतो. तिसरे म्हणजे संपूर्ण तोंडाचा तीव्र दाह. घशाकडचा भाग लालभडक होतो आणि जांभई देतानाही मांजर ओरडते.

मांजर वेदना लपवते. ते खाणे लगेच सोडत नाही. मान एका बाजूला कलती करून चावते, घास पाडते, भांड्यापाशी येऊन परत जाते, अंग चाटणे सोडते. ‘म्हातारे झाले’ म्हणून आपण ते सोडून देतो.

हिरड्यांतील हा धुमसता दाह साखर कसा वाढवतो? जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात, ती रक्तावाटे सर्वत्र जातात आणि स्नायूंच्या व चरबीच्या पेशींना इन्शुलिनबाबत बधिर करतात. वेदनेमुळे कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनॅलिन ही संप्रेरके वाढतात. ती यकृताला आणखी ग्लुकोज सोडायला लावतात. उलट दिशेनेही तेच चक्र फिरते. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि हिरड्यांचा रोग बळावतो. हे दुष्टचक्र माणसातही आहे. २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात असे दिसले, की मधुमेह्यांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरते. आकडा लहान दिसतो, पण मधुमेहाच्या एखाद्या जादा औषधाने पडणाऱ्या फरकाशी त्याची तुलना करता येईल.

येथे एक सापळा आहे. दुखऱ्या तोंडावर स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की मांजर दुसऱ्या दिवशी खायला लागते. मालक खूश होतो. पण स्टिरॉइड साखर वाढवते. काठावरच्या मांजराला त्यानेच मधुमेह होऊ शकतो आणि आधीच मधुमेही असलेल्याचे नियंत्रण पार सुटते. दाह दबतो, पण दात तसाच राहतो.

शस्त्रक्रिया कशी पार पाडतात? साखर अगदी आदर्श होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. तोंड बरे झाल्याशिवाय ती आदर्श होणारच नसते. मात्र लघवीत कीटोन असतील किंवा शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर आधी ते सुधारावे लागते. मूत्रपिंडे तपासतात. शक्यतो दिवसातील पहिलीच शस्त्रक्रिया मधुमेही मांजराची ठेवतात, म्हणजे उपास लांबत नाही. मांजर उपाशी असल्याने सकाळचे इन्शुलिन साधारणपणे निम्मे देतात. भूल चालू असताना दर अर्ध्या-एक तासाने साखर पाहतात. ती फार खाली जाऊ देण्यापेक्षा थोडी चढी ठेवणे पसंत करतात आणि उतरू लागली तर शिरेतून ग्लुकोज देतात. भुलीखालचे मांजर डळमळत नाही की ओरडत नाही, त्यामुळे साखर उतरल्याची खूण केवळ मापकावरच दिसते.

श्वासनलिकेत नळी घालतात, कारण तोंडात पाणी आणि रक्त असते. ते फुप्फुसात जाता कामा नये. चार किलोच्या देहाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून तो झपाट्याने थंड होतो. विज्ञानाच्या तासाला पृष्ठभाग आणि आकारमान यांचे गुणोत्तर शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. मग दातांची क्ष-किरण चित्रे काढतात. हिरडीच्या वर धड दिसणारा दात खाली पोखरलेला असतो, तो इथेच कळतो. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात. ती दाढ कापून तीन भाग करतात आणि एकेक मूळ सोडवतात. शेवटी हिरडीला विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके घालतात. संपूर्ण तोंडाच्या दाहात कधी कधी मागचे सर्वच दात काढावे लागतात. ऐकायला क्रूर वाटते, पण गिळून खाणाऱ्या मांजराला त्याची फारशी अडचण होत नाही. मऊ अन्न ते उत्तम खाते, कधी कधी कोरडेही.

वणीसारख्या ठिकाणी खरा प्रश्न सोयीचा आहे. गावाकडच्या पशुवैद्यकाचा बहुतेक वेळ गाई, म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातो. दातांची क्ष-किरण चित्रे आणि गॅसची भूल यांसाठी शहर गाठावे लागते. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण तिथवर जाणे प्रत्येकाला परवडेलच असे नाही. तेव्हा मुळात कीटण वाढू नये म्हणून लहानपणापासून मांजराला दात घासून घ्यायची सवय लावणे हेच स्वस्त.

घरी आणल्यावर तीन गोष्टी सांभाळाव्यात. वेदना होत असतील म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. ते निकामी करणारी रासायनिक यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. ५०० मिलिग्रॅमची पाव गोळीही प्राणघातक ठरू शकते. दुसरी गोष्ट सिरिंजची. आपल्याकडे इन्शुलिन मिलिलिटरला ४० एकक आणि १०० एकक अशा दोन तीव्रतांत मिळते आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी. ४०च्या सिरिंजमध्ये १००चे इन्शुलिन एका खुणेपर्यंत भरले, तर एक भागिले चाळीस गुणिले शंभर, म्हणजे अडीच एकके जातात. माणसाला हा फरक एखादे वेळी निभावेल. दिवसातून दोनदा एकेक एकक घेणाऱ्या मांजराला निभावणार नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दाह ओसरला की पेशी पुन्हा इन्शुलिनला दाद देऊ लागतात, म्हणजे कालपर्यंत अपुरी पडणारी मात्रा आता जास्त होते. म्हणून पहिले काही आठवडे साखर वरचेवर मोजावी आणि मात्रा डॉक्टरांना विचारून कमी करावी. मांजर खात नसेल तर नेहमीची पूर्ण मात्रा टोचू नये, लगेच फोन करावा. मांजर झोकांड्या खाऊ लागले, थरथरू लागले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळावा आणि तसेच दवाखाना गाठावा.