गाडीचा पिकअप का जातो?

रेस दिली तरी गाडी उचलत नाही, ओव्हरटेक करायला बाहेर काढली की मध्येच ढेपाळते, नेहमीच्या चढावर एक गिअर खाली उतरावे लागते. गॅरेजच्या भाषेत याला ‘पिकअप गेला’ म्हणतात. कारणे पुष्कळ असली तरी ती दोनच गटांत बसतात: एकतर इंजिनात ताकद तयार होत नाही, नाहीतर तयार झालेली ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. यातला गट आधी ठरवायला हवा. तो न ठरवता एकामागून एक पार्ट बदलत राहणे ही या दुरुस्तीतली सर्वांत महागडी चूक.

दुसऱ्या गटाची तपासणी फुकट होते, म्हणून ती आधी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. सोबत जळका वास येत असेल तर शंका उरतच नाही. दुसरा संशयित म्हणजे चिकटलेला ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि प्रत्येक रिमजवळ हात नुसता न्यावा, डिस्कला लावू नये. एकच चाक इतरांपेक्षा बरेच तापलेले असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना आणि हँडब्रेकची केबल गंजून असे होते. टायरमधली हवाही याच वेळी तपासून घ्यावी.

एक गोष्ट मात्र बिघाडात धरू नये. उंचीवर हवा विरळ होते. दर हजार मीटरला तिची घनता साधारण दहा टक्क्यांनी घटते. टर्बो नसलेली गाडी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना मंदावते, ती यामुळे.

इंजिनाचे काम हवा, इंधन, ठिणगी, सिलिंडरमधला दाब आणि धुराला मोकळी वाट यांवर चालते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ११ किलो हवा लागते, म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर! धुळीने भरलेला एअर फिल्टर किंवा काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी गाडीला का जड करते, हे या आकड्यावरून उमगते. फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदलावा.

ठिणगीचा बिघाड स्वतःहून बोलतो: गाडी झटके मारते, मिस होते, चेक इंजिनचा दिवा लागतो. २०१३ नंतरच्या बीएस-४ आणि २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत डॅशबोर्डखाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. स्कॅनर लावला की दोषाचा कोड वाचता येतो. समजा, कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. लगेच कॉइल विकत घेऊ नये. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तिथे तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि गाडी पुन्हा चालवावी. आता पी०३०२ आला तर कॉइलच खराब. कोड तिसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब यांकडे वळावे. काढलेला प्लगही बरेच सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑइल वर चढते आहे. दिवा लुकलुकत असेल तर गाडी ताणू नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महाग भाग निकामी होतो.

सीएनजी गाडीच्या मालकाकडे तर तपासणीचे साधन हाताशीच असते. गाडी पेट्रोलवर घ्यावी. पिकअप परत आला तर दोष गॅसच्या बाजूला, म्हणजे फिल्टर किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा. फक्त सीएनजीवर थोडी कमी ताकद मिळणे स्वाभाविक आहे, आणि गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागत असल्याने झिजलेला प्लग आधी सीएनजीवरच उघडा पडतो. दोन्ही इंधनांवर गाडी सारखीच मंद असेल तर प्लग, कॉइल, हवा, दाब ही सामाईक अंगे पाहावीत.

पेट्रोल पंप कमजोर झाला की गाडी उभ्या जागी गुळगुळीत चालते आणि जोर मागितला की दम सोडते. म्हणून इंधनाचा दाब गाडी चालू असताना, भार देऊन मोजायला हवा. टाकी कायम तळाला ठेवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण टाकीतले पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

डिझेल गाडीत आधी टर्बोचे होज पाहावेत. होज फाटला किंवा क्लिपमधून निसटला की फुसफुस आवाज येतो आणि काळा धूर निघतो. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी हे दुसरे साधे कारण. बीएस-६ डिझेल फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी वापरली, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तिनेच तुंबतो आणि संगणक इंजिनाची ताकद कापतो. तिला अधूनमधून हायवेवर वीसेक मिनिटे सलग पळवणे आवश्यकच आहे.

इतके करूनही सुधारणा नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावावा. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा बराच कमी आला तर व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा हेड गॅस्केटचे मोठे काम निघते, आणि तेव्हा नवे प्लग, नवी कॉइल यांवर केलेला खर्च वाया गेलेला असतो. म्हणून गाडी गॅरेजात देताना स्कॅनरचा कोड लिहून मागावा, काढलेला जुना पार्ट परत घ्यावा आणि बिल चुकते करण्याआधी ज्या चढावर गाडी दमली, त्याच चढावर ती मेकॅनिकला शेजारी बसवून चालवून पाहावी.