जाब विचारण्याच्या वाटा
(लेखमाला : शहर आणि कारभार, भाग ६)

मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार त्याच्याकडे एकवटले. प्रस्ताव मांडणारे प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासनच. जाब विचारण्याचे काम आपसूक सोसायट्यांचे महासंघ, माहिती अधिकार कार्यकर्ते आणि नदीसाठी झटणारे गट यांच्याकडे आले. क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा भरू लागल्या खऱ्या, पण तिथे गटार तुंबल्याची तक्रार नोंदवता येई. खर्चाचा हिशेब मागण्याची ती जागा नव्हती.

वास्तविक कायद्याने नागरिकांसाठी एक दार ठेवले आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर प्रभाग समित्या आल्या आणि राज्याच्या महापालिका कायद्यानुसार प्रत्येक समितीवर स्वयंसेवी संस्थांतील तीनपर्यंत सदस्य घेता येतात. पिंपरी-चिंचवडमध्ये आठ प्रभाग, म्हणजे अशा चोवीस जागा. त्यांचा उपयोग मुख्यतः तिकीट न मिळालेल्या पक्ष कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी झाला. पुढे कायद्यात आलेल्या क्षेत्रसभा कागदावरच राहिल्या.

त्यामुळे खरे हत्यार ठरला तो २००५ चा माहिती अधिकार कायदा. ‘रस्ता खराब आहे’ या अर्जाला ‘नोंद घेतली’ एवढेच उत्तर मिळते. त्याच रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्व कालावधीची कागदपत्रे हाती असली की बोलणे बदलते : डांबराचा थर किती जाडीचा नोंदवला, बिल कधी निघाले, ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत अजून चालू आहे का. मग अभियंत्याला लेखी उत्तर द्यावे लागते. स्थानिक कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्यासाठी खुले ठेवावेत, असे शासनाने २०१८ मध्ये सांगितले आहे. हे ठाऊक असलेले नागरिक मात्र थोडे. ही वाट बिनधोकही नाही. जमीन व्यवहारांतील गैरप्रकार बाहेर काढणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली.

कागद पुरेसे नसतील तिथे न्यायाधिकरण. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बंगल्यांची वसाहत उभी राहिली. निळ्या पूररेषेत बांधकामाला मनाई असते आणि बंगले काही एका रात्रीत उभे राहत नाहीत. प्लॉट पडतात, रस्ते होतात, वीज येते. हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत नेले ते एका पर्यावरण कार्यकर्त्याने. जुलै २०२४ मध्ये बंगले पाडण्याचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. जाब विचारला गेला, पण त्याची किंमत मुख्यतः बंगलेमालकांनी मोजली. बांधकामे होत असताना ती वेळीच रोखण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांच्याविषयीचा प्रश्न या कारवाईने मिटला नाही.

पाण्याच्या बाबतीत रेटा सोसायट्यांचा आहे. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी येते. महापालिकेचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत सोय आपण करू, असे हमीपत्र नव्या गृहप्रकल्पांचे बिल्डर देतात. ताबा दिल्यावर टँकरचे बिल रहिवाशांच्या माथी येते. मोशी-चिखली भागातील सोसायट्यांनी हीच हमीपत्रे पुढे करून महापालिकेकडे दाद मागितली. एकट्यादुकट्या फ्लॅटधारकाला जे जमत नाही, ते महासंघाला जमते.

शहराशेजारच्या चाकणला अडचण निराळी. तिथे आधी जाब कोणाला विचारायचा हेच शोधावे लागते. तळेगाव-चाकण-शिक्रापूर आणि पुणे-नाशिक हे राष्ट्रीय महामार्ग, औद्योगिक क्षेत्रातले रस्ते एमआयडीसीचे, नियोजनात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), गावात नगरपरिषद, आणि म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथे ग्रामपंचायती. कंटेनर चौकात अडकला की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये वाहतूक कोंडीला कंटाळलेल्या नागरिकांनी आकुर्डीच्या पीएमआरडीए कार्यालयावर मोर्चा नेला. मागणी चाकणच्या रस्त्यांची होती आणि मोर्चा दुसऱ्या गावी न्यावा लागला, यातच जबाबदारीची वाटणी दिसते.

ग्रामपंचायतींत ग्रामसभा हे थेट प्रश्न विचारण्याचे व्यासपीठ आहे; वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. पण ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावचा मतदार. कारखान्यांत कंत्राटावर राबणारे, चाळीत भाड्याने राहणारे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारचे हजारो कामगार बहुधा त्या यादीत नसतात. सोसायट्यांचा महासंघही फ्लॅटधारकांचा. पाणी, कचरा आणि रस्ते यांचा त्रास सर्वांत जास्त सोसणारा हा वर्ग ग्रामसभेतही नाही आणि महासंघातही नाही. त्याच्या वतीने बोलतात त्या कामगार संघटना, आणि त्यांचे लक्ष बहुतेक करून कारखान्याच्या गेटच्या आतल्या प्रश्नांवर असते.