लोकर फक्त मेंढीची नसते! मग शाहतूश शालीवर बंदी का आहे?

लोकर म्हटलं की डोळ्यासमोर मेंढीच येते. जगातली बहुतेक लोकर मेंढीचीच असते. मऊ लोकरीची मेरिनो मेंढी मूळची स्पेनची, पण आज ती सर्वात जास्त ओळखली जाते ऑस्ट्रेलियामुळे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. घोंगडी बनते ती तिचीच.

मेंढीशिवाय आणखी कोण?

- अंगोरा शेळी: मूळ तुर्कस्तानातलं, आज दक्षिण आफ्रिका आघाडीवर. हिच्या चमकदार लोकरीला मोहेर म्हणतात.
- अंगोरा ससा: भारतात हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू भागात पाळतात.
- अल्पाका आणि विकुना: दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, उंटाच्या कुळातले प्राणी.
- चांगथांगी शेळी: लडाखची. पश्मिना मिळते ती हिच्यापासून.

पश्मिना कशी मिळते?

लडाखचं चांगथांग पठार ४,००० मीटरहून उंच आहे. हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली जातो. या थंडीत शेळीच्या लांब केसांखाली अतिशय बारीक लव वाढते. वसंतात ती सुटू लागली, की चांगपा पशुपालक ती विंचरून काढतात. शेळीला काही होत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा लोकर मिळते.

मग शाहतूशचं काय?

शाहतूश पश्मिन्याहूनही बारीक. ती येते तिबेटच्या पठारावरच्या चिरू या हरणासारख्या प्राण्यापासून. चिरू रानटी आहे, तो पाळता येत नाही. झुडपांना अडकलेली लोकर गोळा करतात, असं व्यापारी वर्षानुवर्षं सांगत आले. खरं म्हणजे त्यासाठी चिरूला मारलं जातं. एका शालीमागे साधारण तीन ते पाच चिरूंचा जीव जातो. एकेकाळी लाखोंनी असलेले चिरू १९९० च्या दशकात एक लाखाच्याही खाली आले. म्हणूनच शाहतूशच्या व्यापारावर भारतासह जगभर बंदी आहे. संरक्षण मिळाल्यावर चिरूंची संख्या पुन्हा वाढली.

रानटी प्राण्याची लोकर त्याला न मारता मिळू शकते?

विकुनाच्या बाबतीत मिळते. १९६० च्या दशकात शिकारीमुळे विकुना काही हजारच उरले होते. आता पेरूमधले गावकरी मोठं कडं करून त्यांना हाकत आणतात, लोकर कातरतात आणि पुन्हा रानात सोडून देतात.

त्यामुळे महागडी शाल घेताना ती किती मऊ आहे एवढंच बघू नका. लोकर कोणत्या प्राण्याची आहे, हेही विचारा. उत्तर शाहतूश आलं, तर ती घेणं हा गुन्हा आहे.