जँगो मॉडेल वारसा

जँगो या पायथॉन भाषेतील वेब फ्रेमवर्कमध्ये एका मॉडेलची क्षेत्रे व वर्तन दुसऱ्या मॉडेलकडे येण्याच्या व्यवस्थेस मॉडेल वारसा असे म्हणतात. मॉडेल हा पायथॉनमधील वर्ग असून सर्वसाधारणपणे प्रत्येक मॉडेलसाठी डेटाबेसमध्ये एक तक्ता तयार होतो. वर्गांमध्ये वारसा स्वाभाविक आहे. बहुतेक रिलेशनल डेटाबेसमधील तक्त्यांना तो ठाऊक नसतो. ही तफावत भरून काढण्यासाठी जँगोच्या १.० आवृत्तीत (२००८) अमूर्त मूळ वर्ग व बहुतक्ता वारसा, तर १.१ आवृत्तीत (२००९) प्रॉक्सी मॉडेल उपलब्ध झाले.

अमूर्त मूळ वर्गाचा स्वतंत्र तक्ता होत नाही. त्याची क्षेत्रे प्रत्येक उपवर्गाच्या तक्त्यात रकाने म्हणून येतात. ग्रंथालयाच्या प्रणालीत ‘प्रकाशन’ हा अमूर्त वर्ग आणि ‘पुस्तक’ व ‘नियतकालिक’ हे त्याचे उपवर्ग असल्यास तक्त्यांची जोडणी करावी लागत नाही. मात्र वाचकाने नेलेले कोणतेही प्रकाशन दर्शवणारी एकच फॉरेन की ठेवता येत नाही, कारण तिने निर्देश करावा असा तक्ताच नसतो.

बहुतक्ता वारसा

या प्रकारात मूळ वर्ग व उपवर्ग या दोहोंचे तक्ते असतात. शीर्षक ‘प्रकाशन’ तक्त्यात, तर आयएसबीएन ‘पुस्तक’ तक्त्यात राहतो. दोहोंना जोडणारे एकास-एक नात्याचे क्षेत्र जँगोकडून आपोआप निर्माण होते व तेच उपवर्गाची प्रायमरी की ठरते. नवे पुस्तक जतन करताना दोन तक्त्यांत ओळी लिहिल्या जातात आणि वाचताना जोडणी करावी लागते.

खरी अडचण मूळ वर्गाकडून शोध घेताना येते. ‘प्रकाशन’मधून मिळालेली वस्तू केवळ प्रकाशन असते, ती पुस्तक आहे की नियतकालिक, याची नोंद त्या तक्त्यात नसते. उपवर्गाचे नाव वापरून तपासावे लागते आणि तशी ओळ नसल्यास त्रुटी उद्भवते. यादीतील प्रत्येक वस्तूसाठी अशी तपासणी केल्यास प्रत्येक वेळी नवी क्वेरी होते. शंभर नोंदींचे पान त्यामुळे मंदावते. ‘सिलेक्ट रिलेटेड’ ही पद्धत वापरून उपवर्गांचे तक्ते एकाच क्वेरीत आणता येतात. उपवर्गाची वस्तू काढून टाकल्यास मूळ तक्त्यातील ओळही जाते. ती राखायची असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते.

प्रॉक्सी मॉडेलमध्ये तक्ता तोच राहतो. क्रमवारी, मॅनेजर किंवा पद्धती बदलता येतात, नवी क्षेत्रे जोडता येत नाहीत.

मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या ग्रंथात वर्णिलेला एकतक्ता वारसा, ज्यात वस्तूचा प्रकार एका रकान्यात नोंदवला जातो, रुबी ऑन रेल्समध्ये आहे. जँगोमध्ये तो तयार मिळत नाही. वापरात असलेल्या प्रणालीत एका प्रकारावरून दुसऱ्याकडे जाताना तक्त्यांची रचना बदलतेच, शिवाय साठलेली माहितीही हलवावी लागते. यामुळे अनेक विकसक बहुतक्ता वारशाऐवजी एकास-एक नाते स्वतःच लिहिणे पसंत करतात. जोडणी तेव्हाही होते, पण ती कोडमध्ये दिसते.