उन्हावर चालणारी रेंज

सोलर म्हटलं की आपल्याला आठवते गच्ची, वीजबिल आणि सबसिडी. पण आजच्या सोलर पॅनेलचा पूर्वज जन्माला आला तो टेलिफोनवाल्यांच्या घरात!

अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या डॅरिल चॅपिन यांच्यापुढची अडचण साधी होती. उष्ण, दमट प्रदेशात टेलिफोन यंत्रणेतल्या कोरड्या बॅटऱ्या लवकर मान टाकायच्या. (कोकणात पावसाळाभर टॉर्च सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) उपाय शोधता शोधता चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन सिलिकॉनपाशी पोचले. 1954च्या एप्रिलमध्ये त्यांनी जगाला दाखवलेला सेल उन्हातली जेमतेम 6 टक्के ऊर्जा विजेत बदलायचा. त्यावर चालवून काय दाखवलं? एक खेळण्यातला आकाशपाळणा आणि एक रेडिओ ट्रान्समीटर. म्हणजे उन्हावर बिनतारी यंत्र चालवण्याचा उद्योग सोलर सेलच्या बारशालाच उरकला होता.

पुढच्या वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावाजवळ टेलिफोनच्या खांबावर पॅनेल चढलं. चाललं झकास, पण खर्च परवडेना. मग पक्कं गिऱ्हाईक मिळालं ते थेट अंतराळात. 1958चा व्हॅनगार्ड-1 हा उपग्रह जेमतेम दीड किलोचा. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने त्याची फळ म्हणून टिंगल केली होती. त्यातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांतच गप्प झाला, सोलरवरचा 1964पर्यंत बोलत राहिला. उपग्रह मुका झाला, पण अजूनही वर घिरट्या घालतोय.

उणे 48

मोबाइल टॉवरखालच्या यंत्रांना सहसा लागते 48 व्होल्टची डीसी वीज, तीही उणे! 2 व्होल्टचे 24 लेड-ॲसिड सेल जोडले की 48 होतात. आणि धन टोक जमिनीला जोडलं की जमिनीतल्या तांब्याच्या तारा कमी गंजतात, हा जुन्या टेलिफोनवाल्यांचा अनुभव. तारा गेल्या, टॉवर आले, उणे 48 मात्र खुर्ची सोडायला तयार नाही.

आता आपल्या घरचा राउटर

ॲडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा 12 व्होल्ट, 1 अँपिअर असं काहीतरी असतं. म्हणजे फार तर 12 वॅट. एरवी 8च्या आसपास. दिवसाला झाले साधारण 200 वॅट-तास. किरकोळच! पण आपण करतो काय? पॅनेलची डीसी वीज बॅटरीत भरतो, इन्व्हर्टरने तिची 230 व्होल्ट एसी करतो आणि मग ॲडॅप्टर तिची पुन्हा 12 व्होल्ट डीसी करतो. पुण्याहून मुंबईला जायला आधी सोलापूर गाठावं, तसला प्रकार. त्यात घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच कित्येकदा राउटरपेक्षा जास्त वीज खातो. त्यापेक्षा स्थिर 12 व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस कधीही शहाणा.

तीन दिवस सूर्य दिसलाच नाही तर? लागले 600 वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून हवी 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची. तिचं वजन तीस किलोच्या आसपास, आणि ती जगवणार कोणाला, तर पाव किलोच्या राउटरला.

नागपूरचा मे सोलरला फार मानवतो, असं वाटतं ना? पॅनेलची क्षमता मोजतात 25 अंशाला, आणि त्यावर प्रत्येक अंशाला सुमारे 0.4 टक्के उत्पादन घटतं. तापून 65 अंशावर गेलेलं पॅनेल 16 टक्क्यांनी आळशी होतं. बॅटरीचे हाल याहून वाईट: लेड-ॲसिड दर 10 अंश जादा उष्णतेमागे साधारण निम्मं आयुष्य गमावते. लडाखात उलटं दुखणं. शून्याखाली नेहमीची लिथियम बॅटरी चार्ज केली की ती आतून बिघडते. हिशेब मात्र नेहमी सगळ्यात वाईट महिन्याचा धरायचा. आपल्याकडे तो बहुतेक जुलै किंवा ऑगस्ट. मेमधल्या बढाया तिथे कामाच्या नाहीत.

झाडावर रिले, अँटेनावर माकड

नेपाळच्या नांगी गावचे महावीर पुन यांनी डोंगरात वायफाय नेलं, तेव्हा सिग्नल पुढे पाठवणारे सुरुवातीचे रिले उंच झाडांवर बांधले होते, टीव्हीच्या डिश वापरून. रिलेला वीज सोलरची. 2007 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005मध्ये धरमशाळेत असंच जाळं उभं राहिलं, तिथे तंत्रज्ञांची गाठ पडली माकडांशी. अँटेना दिसली की झोका! मजबुतीची याहून कडक परीक्षा कुठली प्रयोगशाळा घेणार?

आणि थेट आकाशात? एअरबसचं झेफिर हे सोलर विमान दिवसा उन्हावर, रात्री बॅटरीवर उडतं. उद्या त्याने उडता टॉवर व्हावं अशी योजना आहे. 2022मध्ये ते 64 दिवस उडालं आणि ॲरिझोनात कोसळलं. सलग उड्डाणाचा विक्रम अवघ्या काही तासांनी हुकला. तो विक्रम कोणाचा? 1958-59मध्ये सेस्ना विमान खाली न उतरवणाऱ्या दोघा पठ्ठ्यांचा, जे धावत्या ट्रकमधून इंधन वर ओढून घेत! 2025मध्ये 67 दिवस उडून झेफिरने ती उधारी चुकती केली.