मोतेत (गोवा)

मोतेत हा गोव्यातील कॅथलिक समाजातील धार्मिक समूहगायनाचा एक प्रकार आहे. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात ख्रिस्ताच्या यातनांचे स्मरण करण्यासाठी मोतेते गायली जातात. मूळ प्रकार युरोपातील लॅटिन मोतेताचा असला, तरी त्याची मांडणी, साथीची वाद्ये आणि भाषा यांत गोव्यात बदल होत गेले.

उगम

युरोपात मोतेत तेराव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आले. ‘शब्द’ या अर्थाच्या ‘मो’ या फ्रेंच शब्दावरून हे नाव पडले. सोळाव्या शतकात पालेस्त्रिना आणि व्हिक्टोरिया यांच्या रचनांत अनेक स्वतंत्र स्वरपंक्ती एकमेकींत गुंफलेल्या आढळतात. इ.स. १५१० पासूनच्या पोर्तुगीज राजवटीत मिशनऱ्यांनी ही गायनपद्धती गोव्यात आणली. चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी, गायन व व्हायोलिन शिकवले जाई. त्यातून स्थानिक गायक, वादक आणि रचनाकार तयार झाले.

सांगीतिक वैशिष्ट्ये

गोव्यातील मोतेताची लय संथ आणि भाव शोकाचा असतो. युरोपीय मोतेतातील गुंतागुंतीच्या गुंफणीऐवजी येथे दोन-तीन आवाज बहुधा एकत्र चालतात. मांडोप्रमाणे मुख्य चालीला समांतर दुसरा स्वर जोडला जातो. प्रायश्चित्तकाळात ऑर्गनवादनावर चर्चचे निर्बंध असत. मोतेताला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बेस यांची साथ रूढ आहे.

वेरोनिकेचे गायन

ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेचे स्मरण करणाऱ्या मिरवणुकीत वेरोनिकेची भूमिका करणारी गायिका ख्रिस्तमुद्रा असलेले वस्त्र उलगडत ‘ओ व्होस ओम्नेस’ हे लॅटिन गीत गाते. त्याचे शब्द बायबलमधील विलापगीत या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील बाराव्या वचनावर आधारलेले आहेत. मुळात उद्ध्वस्त जेरुसलेम नगरी वाटसरूंना उद्देशून हे बोलते; ख्रिस्ती उपासनेत हा शोक ख्रिस्ताचा किंवा मरियेचा मानला जातो. त्यामुळे रस्त्यावर जमलेले भाविकच त्या वाटसरूंच्या जागी येतात.

भाषा व जतन

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषांना मुभा दिल्यावर लॅटिनचा वापर घटला आणि कोंकणी मोतेतांना अधिक वाव मिळाला. जुन्या रचना प्रामुख्याने हस्तलिखित स्वरलिपीतून पुढे आल्या आहेत. ही हस्तलिखिते चर्चमध्ये किंवा वादकांच्या घरी राहत. एखाद्या रचनेची एकच प्रत उरली असेल, तर ती नष्ट होताच रचनाही लुप्त होऊ शकते.