लाकडी थरांचे भित्तिचित्र : सावली आणि मोकळी जागा यांची कला

लाकडाचे पातळ थर निरनिराळ्या आकारांत कापून, एकापुढे एक मांडून घडविलेली भित्तिचित्रे अलीकडे अनेक घरांच्या दिवाणखान्यांत आणि सभागृहांच्या भिंतींवर दिसू लागली आहेत. डोंगर, समुद्र, झाडे, गलबते असे विषय त्यांत असतात. यंत्राने कापलेली अशी चित्रे बाजारात तयार मिळतात. तरीही स्वतःच्या हाताने एखादे चित्र घडवावे आणि ते आप्तेष्टांच्या लग्नात वा गृहप्रवेशाला भेट द्यावे, अशी हौस बाळगणारे तरुण व निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत.

या हौसेच्या वाटेवर दोन निराशा हमखास भेटतात. महिनाभर खपून तयार केलेले चित्र भिंतीवर चढल्यावर सपाट दिसते, ही पहिली. एक पावसाळा सरतो न सरतो तोच फळी वाकते, सांधा सुटतो किंवा मधोमध चीर जाते, ही दुसरी. ‘आपल्या हाताला कसब नाही’ असे म्हणून मग करवत माळ्यावर जाते. वस्तुतः या दोन्ही निराशांचे मूळ बहुधा एकच असते. दोन थरांमध्ये आणि थरांच्या भोवती जी मोकळी जागा ठेवायची, तिचा विचार झालेला नसतो. ही जागा चित्राला सावली देते आणि लाकडाला हालचालीची मुभा देते. प्रस्तुत लेखात ही गोष्ट समजावून घेऊन मग प्रत्यक्ष कृतीकडे वळू या.

सावली हाच रंग

लाकडात खोली दाखविण्याचे दोन मार्ग कलाकारांनी चोखाळले. इटलीत पंधराव्या शतकात वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे एकमेकांत सपाट बसवून यथादर्शनाच्या नियमांनी डोळ्यांना खोलीचा भास करून देण्याची कला भरभराटीस आली. ऑलिव्हेटन संघाचे संन्यासी फ्रा जोव्हान्नी यांनी व्हेरोना येथील सांता मारिया इन ऑर्गानो या चर्चमधील आसनांवर अशी चित्रे केली. उघड्या कपाटांत पुस्तके व वाद्ये ठेवलेली दिसतात, पण हात फिरविला तर सारे सपाट!

दुसरा मार्ग प्रत्यक्ष खोलीचा. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे कार्यशाळा चालविणारे शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडर (मृत्यू १५३१) यांचे काम याचा उत्तम दाखला आहे. त्या काळी लाकडी वेदीशिल्पे सोनेरी व भडक रंगांनी रंगविण्याची प्रथा होती. म्युनरश्टाट येथील चर्चसाठी १४९० ते १४९२ या काळात केलेले वेदीशिल्प मात्र त्यांनी रंगाविना ठेवले. सुमारे बारा वर्षांनी ते फाइट श्टोस या दुसऱ्या कलाकाराकडून रंगवून घेण्यात आले, यावरून साधे लाकूड स्वीकारणे लोकांना किती जड गेले असावे हे ध्यानी येते. रोथेनबुर्ग येथील सेंट जेकब चर्चमधील ‘पवित्र रक्ताची वेदी’ (१५०१ ते १५०५) हे त्यांचे कामही रंगाविना आहे. तेथे शेवटच्या भोजनाच्या दृश्यामागे काचेची खरी झरोकेवजा तावदाने आहेत. दिवस जसा चढतो व उतरतो, तशा त्या आकृतींच्या सावल्या बदलतात. रंगाचे काम तेथे प्रकाश करतो.

आपले थरांचे भित्तिचित्र याच दुसऱ्या मार्गावरचे साधे पाऊल आहे. कोरीव कामाचे कसब त्याला लागत नाही, पण सावलीचा हिशेब मात्र लागतो. हा हिशेब सोपा आहे. प्रकाश वरून ४५ अंशांच्या कोनात येत असेल, तर पुढच्या थराचा पृष्ठभाग मागच्या थरापासून जितका उंच, तितकीच रुंद सावली मागे पडते. ४ मिलिमीटर जाडीचा थर मागच्या थराला चिकटवून बसविला, तर सावली ४ मिलिमीटरची. दूर उभ्या असलेल्या माणसाला ती एखाद्या रेघेसारखी भासते. त्याच थरामागे ६ मिलिमीटरचा ठोकळा देऊन तो उचलून धरला, तर सावली १० मिलिमीटरची होते आणि झाड टेकडीपासून सुटून पुढे येते. समोरच ट्यूबलाइट असलेल्या भिंतीवर उत्तम चित्रही सपाट दिसते, त्याचे कारणही हेच. म्हणून चित्र कोठे लागणार आणि उजेड कोणत्या बाजूने येणार, हे रेखाटनापूर्वीच ठरवावे.

लाकूड थांबत नाही

झाड तोडले, फळ्या पाडल्या, वर्षानुवर्षे वाळविल्या, तरी लाकूड हवेतील ओलावा घेत व सोडत राहते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल सर्व दिशांनी सारखी नसते. लांबीच्या दिशेने ती जवळजवळ शून्य असते, रुंदीच्या दिशेने मात्र लक्षणीय. सागवान हे कमीत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक मानले जाते. तरीही ३० सेंटिमीटर रुंदीची, ओंडक्यातून सरळ उभी चिरून काढलेली सागाची फळी घेतली आणि तिच्यातील ओलाव्याचे प्रमाण ५ टक्क्यांनी बदलले, तर तिची रुंदी जवळजवळ ३ मिलिमीटरने बदलते. कोकणपट्टीसारख्या दमट प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात एवढा फरक सहज पडू शकतो.

अशी फळी चारी बाजूंनी घट्ट चिकटविली वा खिळ्यांनी जखडली, तर ते ३ मिलिमीटर जाणार कोठे? फळी फुगून बाक धरते, नाही तर आकसताना तडकते. पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन शिल्पकारांना हे पुरते ठाऊक होते. लिंडेन वृक्षाच्या ओंडक्यातून मोठी आकृती घडविताना ते तिची पाठ आतून पोखरून काढीत. त्यामुळे लाकूड सारखे वाळे आणि तडे टळत.

आपल्यासाठी याचा सोपा उपाय प्लायवूड हा आहे. त्यात पातळ पापुद्रे एकाचे धागे उभे, तर दुसऱ्याचे आडवे अशा रीतीने चिकटविलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना आवर घालतात. पापुद्र्यांची संख्या विषम असते, ती दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहावा म्हणून. समुद्रकिनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी साध्या ‘एमआर’ प्रतीऐवजी ‘बीडब्ल्यूआर’ प्रतीचे प्लायवूड घ्यावे. एमडीएफ कापायला मऊ व स्वस्त असते, पण ओल लागली की त्याच्या कडा फुगतात आणि पूर्ववत होत नाहीत.

अर्नाळ्याचे एक चित्र

आता उदाहरण म्हणून वसई तालुक्यातील अर्नाळ्याचा किनारा घेऊ या. तेथील दृश्य जणू थरांतच मांडलेले आहे : मागे आकाश, त्यापुढे बेटावरचा किल्ला, मग पाणी, पाण्यावर कोळी बांधवांच्या होड्या आणि अगदी जवळ किनाऱ्यावरची झाडे. एकूण पाच थर. चित्राचा आकार ४५ बाय ३० सेंटिमीटर धरू. आकाशासाठी ६ मिलिमीटरचे आणि उरलेल्या थरांसाठी ४ मिलिमीटरचे प्लायवूड पुरेल.

रेखाटन. मूळ आकाराच्या कागदावर पूर्ण चित्र काढावे व प्रत्येक थरासाठी वेगळा कागद करावा. मागचा थर पुढच्या थराच्या आड किमान १ सेंटिमीटर सरकलेला असावा. नाही तर बाजूने पाहणाऱ्याला फट दिसते. होडीसारखी सुटी आकृती कशाला तरी जोडलेली आहे ना, हेही याच वेळी पाहावे. झाडाचे खोड किंवा डोलकाठी यांसारखे नाजूक भाग वरच्या पापुद्र्याच्या धाग्यांच्या दिशेने ठेवावेत. धाग्यांना आडवे कापलेले बारीक लाकूड चटकन मोडते.

कापणी. यासाठी फ्रेट सॉ ही धनुष्याकृती बारीक करवत वापरावी. पाते लावताना दाते मुठीकडे, म्हणजे खालच्या बाजूस वळलेले असावेत. मग करवत खाली ओढताना कापते आणि वरचा पृष्ठभाग उचकटत नाही. टेबलाच्या कडेला मध्यभागी त्रिकोणी खाच असलेली एक फळी शिकंजाने आवळावी आणि त्या खाचेवर काम ठेवावे. करवत उभी धरून एकाच जागी खालीवर चालवावी आणि वळण आले की लाकूड फिरवावे, करवत नव्हे. आतल्या जागा आधी कापाव्यात : गिरमिटाने भोक पाडून, पाते एका टोकाला सोडवून त्यातून ओवावे व पुन्हा ताणून बसवावे. रेघेच्या टाकाऊ बाजूने कापल्यास कानस व पॉलिश पेपरने नेमका आकार आणता येतो. पाते मोडणे हे नवख्याच्या नशिबी असतेच. जोर कमी केला की मोडणेही कमी होते.

घासणी. १२०, १८० व २४० क्रमांकाचे पॉलिश पेपर याच क्रमाने, धाग्यांच्या दिशेने फिरवावेत. येथे एक इशारा आवश्यक आहे. लाकडाची धूळ माणसांत कर्करोगास कारणीभूत ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केलेले आहे. रोज हे काम करणाऱ्या सुतारांना धोका अधिक असला, तरी घरीही नाकातोंडावर चांगला मास्क हवा. घासणी अंगणात करावी आणि लहान मुलांना तेथून दूर ठेवावे.

रंग. दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट दिसतात. म्हणून आकाश सर्वांत उजळ, किल्ला थोडा गडद आणि पुढची झाडे सर्वांत गडद ठेवावीत. लाकूडरंगाच्या दोन-तीन छटा पुरतात. लेप चपड्याच्या पॉलिशचा असो वा तेलाचा, तो थराच्या दोन्ही बाजूंना सारखाच द्यावा. एकाच बाजूला दिल्यास दुसरी बाजू ओल पीत राहते आणि थर वाकतो. चपड्याचे पॉलिश पावसाळी हवेत पांढुरके पडते. ते कोरड्या दिवशीच करावे. जवसाचे तेल वापरल्यास तेलाची फडकी चुरगळून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

जोडणी. मागून पुढे येताना अंतर वाढवीत जावे : आकाश व किल्ला यांत ३, किल्ला व पाणी यांत ३, पाणी व होड्या यांत ६ आणि होड्या व झाडे यांत ९ मिलिमीटर. दूरच्या सावल्या बारीक व जवळच्या ठळक पडल्याने दृश्य विश्वसनीय वाटते. ठोकळे कडेपासून आत, दिसणार नाहीत असे ठेवावेत. आधी गोंदाशिवाय सारे रचून भिंतीशी उभे करावे आणि दिवसाच्या व रात्रीच्या उजेडात पाहावे. मन भरले की मगच फेविकॉलसारखा पांढरा गोंद लावून, वजनाखाली रात्रभर ठेवावे. लेप दिलेल्या पृष्ठभागावर हा गोंद नीट धरत नाही, म्हणून ठोकळ्यांच्या जागा घासून उघड्या कराव्यात.

एखादा थर प्लायवूडऐवजी साग, शिसव वा फणस यांच्या अखंड फळीचा करावासा वाटला, तर तो मध्यभागी एकाच उभ्या रेषेत चिकटवावा आणि कडा मोकळ्या सोडाव्यात. धागे आडवे असतील तर ही रेषा आडवी घ्यावी. ती फळी मग दोन्ही बाजूंना मनाजोगी फुगेल व आकसेल.

टांगणी. एवढ्या चित्राचे वजन दीड ते दोन किलोच्या आसपास भरते. भिंतीत दोन स्क्रू पुरेत. पाठीमागे चार कोपऱ्यांना १ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी चकत्या लावाव्यात, म्हणजे भिंत व चित्र यांमधून हवा खेळेल. पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये.

यंत्र आणि हात

लेझर यंत्र हेच पाच थर काही मिनिटांत कापते, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न येथे रास्त आहे. यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याची रेघ आपल्यापेक्षा सरळ असते. परंतु यंत्राने कापलेली प्रत्येक कड सारखीच, जळकी व काटकोनी असते. हाताने काम करणारा होडीची कड थोडी गोल करतो, म्हणून तिची सावली मवाळ पडते. किल्ल्याची कड तीक्ष्ण ठेवतो, म्हणून दगड कठीण भासतो. शिवाय कोणते लाकूड कोणत्या दिशेने मोडते, कोणत्या ऋतूत कसे वागते, हे ज्याने स्वतः कापले त्याच्या हाताला कळते. गावातले अनुभवी सुतार हे ज्ञान बाळगून आहेत, पण तयार फर्निचरच्या काळात त्यांच्याकडे शिकायला येणारे कमी होत आहेत. सुट्टीत एखाद्या तरुणाने अशा सुतारकाकांकडे चार दिवस बसून रंधा व करवत धरायला शिकले, तर त्याचे चित्र सुधारेल आणि त्या ज्ञानालाही एक वारस मिळेल.

आरंभ लहान असावा. ३० बाय २० सेंटिमीटरचे तीनच थरांचे चित्र आधी करावे. उन्हाळ्यात ते भिंतीवर लावावे आणि पावसाळा संपेपर्यंत आठवड्यातून एकदा नीट पाहावे : कोणती कड उचलली, कोठे सांधा सुटला, कोणत्या वेळी सावली उत्तम पडली. हे टिपून ठेवलेले असले, की पाच थरांचे अर्नाळ्याचे चित्र दिवाळीच्या सुट्टीत हाती घ्यायला हरकत नाही.